एकच प्याला आणि रिकामा प्याला : रॉक संगीतातील व्यसनस्मृतींचे एक वाचन

प्रास्ताविक

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास झाला. त्यापूर्वी महिनाभर आधीच गडकरी निवर्तले होते. मद्यपानाने स्वतःसह सारे घर उद्ध्वस्त करणाऱ्या सुधाकराची ही शोकांतिका आहे. मराठी भाषेने मात्र या नाटकातून जे नाव उचलून सामान्यनाम केले ते सुधाकराचे नाही, तळीरामाचे आहे. दरवर्षी ३१ डिसेंबर जवळ आला की वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा तळीराम हमखास भेटतो. तेथे तो गंमतीचा विषय असतो. तळीराम नाटकातच मरतो, आणि त्याच्या मृत्युशय्येभोवतीही वैद्य-डॉक्टरांचा विनोद चाललेला असतो, याची आठवण त्या मथळ्यांना नसते. नाटककाराने दुःख लिहिले आणि समाजाने त्यातील हसू जपून ठेवले, असे या नाटकाच्या बाबतीत घडले आहे.

व्यसनाकडे मागे वळून पाहताना स्मृती काय ठेवते आणि काय टाकते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका वेगळ्या क्षेत्राच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ते क्षेत्र म्हणजे १९६० व ७० च्या दशकांतील इंग्रजी रॉक संगीत. विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. परंतु या संगीतातील अमली पदार्थांच्या अतिरेकाविषयी जी महत्त्वाची चर्चा त्या काळात झाली, तिचा एक धागा अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर, दौंड रस्त्यावरील अरणगावजवळच्या मेहेराबाद येथे येऊन मिळतो. 'द हू' या इंग्रजी वाद्यवृंदाचा गीतकार व गिटारवादक पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी होता. ही गोष्ट आपल्याकडे कुतूहलाने सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. तिच्यात समीक्षेला पुरेल इतके द्रव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अरणगावहून गेलेला निरोप

पाश्चात्त्य तरुण साठीच्या दशकात गांजा-चरसच्या शोधात भारतात आले, गोव्याच्या किनाऱ्यावर राहिले, अशी एक सोपी कथा रूढ आहे. ती खोटी नाही, पण एकांगी आहे. नेमक्या त्याच काळात अहमदनगर जिल्ह्यातून उलट दिशेने एक निरोप जात होता. एल. एस. डी. घेतल्याने ईश्वरानुभव येतो, असा दावा अमेरिकेतील विद्यापीठांच्या परिसरात होत असताना काही तरुण संशोधक व विद्यार्थी त्याविषयी मेहेरबाबांशी पत्रव्यवहार करीत होते, काही प्रत्यक्ष भेटून गेले होते. त्यातून आलेली मेहेरबाबांची मते १९६६ मध्ये एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने अमेरिकेत प्रसिद्ध झाली. देव गोळीत सापडतो काय, हा प्रश्नच तिचे शीर्षक होता. अशा पदार्थांचा वापर शरीर, मन व आध्यात्मिक वाटचाल या तिन्ही दृष्टींनी घातक आहे, आणि त्यांतून येणारा अनुभव मृगजळासारखा आहे, असे तिचे म्हणणे आहे. लक्षणीय बाब अशी की, जुनाट मद्यासक्तीसारख्या काही विकारांत वैद्यकीय देखरेखीखाली या औषधाचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांनी नाकारले नाही. अलीकडच्या दोन-तीन दशकांत अशाच पदार्थांवर पुन्हा सुरू झालेले वैद्यकीय संशोधन पाहता हा भेद आज अधिक ठळकपणे जाणवतो.

हा निरोप देणाऱ्या व्यक्तीचे मद्याशी असलेले नातेही एकपदरी नव्हते. पुण्यात १८९४ साली एका इराणी कुटुंबात जन्मलेल्या मेरवान शेरियार इराणी यांनी तरुणपणी कसबा पेठेत ताडीचे दुकान चालविले होते. दुकानाचे मालक असूनही ते गिऱ्हाइकांना कमी पिण्यास सांगत, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांकडे राहून १९२० च्या दशकात ते अरणगावला आले. १० जुलै १९२५ पासून धरलेले मौन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. घरातील वारसा फारसीचा आणि आवडता कवी हाफिज. हाफिजच्या काव्यात मद्य, साकी आणि प्याला ही ईश्वरप्रेमाची रूपके आहेत. ज्यांना ते 'मस्त' म्हणत, म्हणजे ईश्वरप्रेमाच्या धुंदीत देहभान हरपलेले लोक, त्यांच्या शोधात त्यांनी देशभर प्रवास केला. १९३६ मध्ये राहुरी येथे वेड्यांसाठी व अशा मस्तांसाठी आश्रमही चालविला. आपण मराठीत चहाला मस्त म्हणतो आणि सुट्टीलाही. या शब्दाच्या तळाशी धुंदी आहे, हे विसरून गेलो आहोत. सुफी परिभाषा या जिल्ह्याला परकी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ती वारकरी परंपरेत शतकांपूर्वीच मुरविली होती.

अशा प्रकारे ज्या परंपरेत धुंदी हे सर्वोच्च अवस्थेचे नाव आहे, त्याच परंपरेतून रासायनिक धुंदीला नकार मिळाला. रूपक आणि पदार्थ यांत गल्लत करू नका, हा त्या नकाराचा गाभा होय. टाउनशेंडच्या पुढील पंधरा वर्षांच्या निर्मितीत हीच गल्लत पुन्हा पुन्हा होताना दिसते.

ऐकले काय आणि गायले काय

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या एका तीव्र रसायनाने टाउनशेंडला भयंकर अनुभव आला. त्यानंतर तो अशा पदार्थांपासून दूर झाला. चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्यामुळे त्याला मेहेरबाबांचा परिचय झाला. 'टॉमी' या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठही याच मॅकिनर्नीचे. ती मे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर मेहेरबाबांचे नाव आहे. मात्र मेहेरबाबांचे ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे देहावसान झाले होते. टाउनशेंडला त्यांचे दर्शन कधीच घडले नाही.

'टॉमी'ची कथा आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची आहे. त्याला बरे करण्यासाठी आईवडील जे उपाय करतात त्यांत अमली पदार्थ देणाऱ्या स्त्रीकडे नेणे हाही एक उपाय आहे, आणि तो निष्फळ ठरतो. पुढे बरा झालेला टॉमी स्वतःच गुरू बनतो आणि शिष्यांना दारू व गांजा सोडावयास सांगतो. त्यावर शिष्य बंड करून उठतात. या शेवटाकडे समीक्षकांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. अनेकांनी तो गुरुसंस्थेवरील उपरोध म्हणून वाचला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो श्रोत्यांविषयीचा अचूक अंदाज आहे. ज्या प्रेक्षकांसमोर हे गीतनाट्य सादर व्हायचे होते, ते हा उपदेश ऐकणार नाहीत, हे गीतकाराला ठाऊक होते आणि ते त्याने कथेतच लिहून ठेवले.

याचा पडताळा दोन वर्षांतच आला. १९७१ च्या 'हूज नेक्स्ट' या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्या गीताचे नाव 'बाबा ओ'रायली' असे आहे. मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांच्या नावांची ती सांगड आहे. गीताच्या शब्दांत हे नाव कोठेही येत नाही. आरंभी ऑर्गनची फिरत राहणारी आवर्तने आणि अखेरीस वेग घेत जाणारे व्हायोलिन अशी त्याची रचना. प्रचंड खुल्या महोत्सवांनंतर, अमली पदार्थांच्या अंमलात गळून गेलेल्या तरुणांची उजाड अवस्था पाहून हे गीत सुचले, असे स्पष्टीकरण टाउनशेंडने वेळोवेळी दिले आहे. म्हणजे हा विलाप आहे. आणि तो गायला कसा जातो? विजयगीतासारखा. पुढे एका अमेरिकन गुन्हेशोध मालिकेचे शीर्षकसंगीत म्हणून ते घरोघरी पोहोचले. १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या समारोपात हजारोंनी त्यावर जल्लोष केला. उजाडपणाचे वर्णन करणारे शब्दच श्रोत्यांना अभिमानाचे वाटू लागले. तळीरामाच्या बाबतीत जे मराठी समाजाने केले, तेच येथे इंग्रजीभाषक जगाने केले, असे म्हणावयास हरकत नाही. आमच्या महाविद्यालयीन तरुणांपैकी काहींच्या मोबाइलमध्ये हे गीत असते. दौंड रस्त्याने रोज ये-जा करतानाही त्याच्या नावातले 'बाबा' कोण, हे त्यांना माहीत नसते. यात त्यांचा दोष थोडाच आहे.

टाउनशेंड १९७२ मध्ये अहमदनगरला येऊन गेला. त्याच वर्षीच्या त्याच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत मेहेरबाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या प्रार्थनेवर आधारलेले 'परवरदिगार' हे गीत आहे. भक्तिगीत म्हणून ते प्रामाणिक आहे. परंतु त्याच्या उत्तम रचनांत त्याची गणना करता येणार नाही. श्रद्धा जेथे निर्वेध आहे तेथे या कलावंताची प्रतिभा मंदावते आणि श्रद्धा जेथे आचरणाशी अडखळते तेथे ती पेटते, हा एक चमत्कारिक पण सतत येणारा अनुभव आहे.

प्याला भरलेला की रिकामा

कारण आचरण अडखळत होते. गोळी सुटली, गांजा सुटला, बाटली राहिली. जानेवारी १९७३ मध्ये हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या एरिक क्लॅप्टनला पुन्हा रंगमंचावर आणण्यासाठी लंडनच्या रेनबो थिएटरमधील मैफल घडवून आणणारा हाच टाउनशेंड होता. मित्राला हात देणारा स्वतः मात्र ब्रँडीत बुडत चालला होता. १९७५ च्या 'द हू बाय नंबर्स' या ध्वनिमुद्रिकेत त्याने आपल्या पिण्यावर सरळ एक गीत लिहिले. ते इतके खाजगी होते की रॉजर डॉल्ट्रीने ते गाण्यास नकार दिला आणि टाउनशेंडला स्वतः गावे लागले. चाल उत्साही, जवळजवळ नाचरी. शब्द मात्र स्वतःविषयीच्या किळसेचे. कितीही प्यालो तरी सुटकेची वाट सापडत नाही, एवढाच त्याचा आशय. उपदेश नाही, पश्चात्ताप नाही, तोडगा नाही.

या गीताकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. गेल्या दोन-अडीच दशकांत रॉक कलावंतांच्या आत्मचरित्रांची एक लाटच आली. क्लॅप्टनचे २००७ मध्ये, कीथ रिचर्ड्सचे २०१० मध्ये, टाउनशेंडचे २०१२ मध्ये. या लेखनाचे मूल्य मी नाकारीत नाही. टाउनशेंडचे पुस्तक तर स्वतःला फारसे सोडत नाही. परंतु अशा लेखनाची एक रचनागत मर्यादा आहे. पैलतीरी पोहोचलेला मनुष्य पुराची हकीकत सांगतो, तेव्हा तो वाचला हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. मग प्रत्येक घसरण ही पुढील उद्धाराची पायरी बनते. पतन आणि उद्धार हा साचा आपल्या संतचरित्रांनाही परिचित आहे, पण तेथे उद्धार हा विषयच असतो. येथे मात्र विषय अतिरेक असतो आणि उद्धार हा तो सांगण्याचा परवाना. १९७५ चे गीत या सोयीपासून मुक्त आहे, कारण ते लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नव्हता.

आणि शेवट तेव्हा दूरच होता. १९८० च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'एम्प्टी ग्लास', म्हणजे रिकामा प्याला. ही कल्पना हाफिजच्या परंपरेतील आहे. भक्ताचे हृदय हा रिकामा प्याला. तो साकीपुढे धरायचा, म्हणजे तो भरून देईल. प्याला आधीच कशाने तरी भरलेला असेल तर त्यात दुसरे काही ओतता येत नाही. अरणगावच्या शिकवणुकीचे इतके नेमके इंग्रजी रूपांतर क्वचितच झाले असेल. तरीही त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत हाच कवी कोकेन आणि हेरॉइनपर्यंत पोहोचला आणि १९८२ मध्ये मेग पॅटरसन या डॉक्टरांच्या उपचारांनी त्यातून बाहेर आला. रूपक पूर्णपणे समजले होते, सुंदरपणे मांडलेही गेले होते, आणि त्याने काहीही थांबले नाही. साहित्य शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना हे थोडे अस्वस्थ करणारे आहे. समजणे आणि सुटणे यांत आपण मानतो तेवढे जवळचे नाते नसावे.

मेहेरबाबांची शिकवण येथे अपयशी ठरली काय, असा प्रश्न कोणी विचारील. साहित्यसमीक्षेला त्याचे उत्तर देता येणार नाही. टाउनशेंडने या काळात आपल्या अपयशाचे खापर गुरूवर फोडले नाही आणि गुरूचे नाव आपल्या सुटकेच्या जाहिरातीसाठीही वापरले नाही, एवढे नोंदविता येईल.

तळीरामाचे चरित्र

'द हू'चा तळीराम म्हणजे ढोलवादक कीथ मून. त्याच्याविषयीच्या गमतीजमतींना अंत नाही. हॉटेलांची नासधूस, स्फोटके लावून उडविलेली शौचकूपे, आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे वाढदिवशी पोहण्याच्या तलावात घातलेली मोटार. या शेवटच्या कथेच्या सत्यतेविषयी त्याच्या चरित्रकारानेच शंका घेतली आहे. पण मोटार तलावात गेली की नाही, याला आता महत्त्व उरलेले नाही; आख्यायिकेला ती तेथे हवी आहे.

दुसऱ्या एका मोटारीची हकीकत मात्र निर्विवाद आहे. ४ जानेवारी १९७० रोजी हॅटफील्ड येथे एका मद्यालयाबाहेर जमावाने मूनच्या गाडीला घेरले. चालक नील बोलंड जमावाला हटविण्यासाठी खाली उतरला होता. मूनने गाडी पुढे काढली आणि बोलंड तिच्याखाली सापडून मरण पावला. चौकशीत तो अपघात ठरला. तलावातील मोटार सर्वांना आठवते. हॅटफील्डची मोटार तपशीलात शिरल्यावर सापडते. पत्नी किमला घरात सोसावा लागलेला हिंसाचार आणि १९७३ मध्ये लहान मुलीला घेऊन तिने सोडलेले घर, हेही असेच तपशीलात गेलेले आहे. 'एकच प्याला'चा केंद्रबिंदू सिंधू आहे हे मराठी रसिकाला सांगावे लागत नाही. बालगंधर्वांनी ती भूमिका केली आणि सहनशीलतेचेच तेथे संगीत झाले, हा त्यातील वेगळा गुंता आहे. परंतु निदान ती रंगमंचावर होती. रॉकच्या स्मरणरंजनात सिंधूला प्रवेशच नाही. तिचे घर नेपथ्याच्या पलीकडे आहे.

मूनचा मृत्यू ७ सप्टेंबर १९७८ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी झाला. ज्या गोळ्यांच्या अतिसेवनाने तो झाला, त्या दारू सुटताना होणारा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या होत्या. तो पिणे सोडू पाहात होता. आख्यायिकेत हा तपशील कोठेच बसत नाही, कारण आख्यायिकेतील तळीराम सोडण्याचा विचार करीत नसतो. काही आठवड्यांपूर्वीच निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर तो ज्या खुर्चीवर बसला आहे, तिच्यावर ती हलवू नये अशी सूचना रंगविलेली आहे. या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले. चोवीस वर्षांनी, २७ जून २००२ रोजी, अमेरिकेच्या दौऱ्याच्या पूर्वसंध्येला जॉन एन्ट्विसल लास व्हेगासमधील हॉटेलात मृत्यू पावला. हृदयविकाराला कोकेनची जोड होती. दौरा चार-पाच दिवसांत सुरू झाला. यावर टाउनशेंड आणि डॉल्ट्री यांना बोल लावणे सोपे आहे. परंतु तिकिटे परत न मागता गर्दी करणारा प्रेक्षकही त्या व्यवहाराचा भागीदार होता.

ब्रायन जोन्स १९६९, हेंड्रिक्स व जॅनिस जॉपलिन १९७०, जिम मॉरिसन १९७१. चौघेही सत्तावीस वर्षांचे. या वयाचीही आता एक दंतकथा झाली आहे आणि ती सांगताना आवाजात नकळत कौतुक येते. आपण वर्गात एखाद्या मराठी कवीच्या किंवा नटाच्या पिण्याचा किस्सा सांगतो, मुले हसतात, तास रंगतो. तो किस्सा सांगताना माझाही आवाज तसाच होत असे, हे मी मान्य करतो. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. मराठीत सवय हा अर्थ उरला आणि संकट गळून पडले.

गडकऱ्यांनी सुधाकराला वाचविले नाही. त्याच्या हातून मूल जाते, सिंधू जाते आणि तोही मरण पत्करतो. या शेवटावर अतिरंजिततेचा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु पैलतीरावरून हकीकत सांगणारा निवेदक या नाटकात नाही, हे त्याचे बळही ध्यानात घ्यावे लागते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात 'एकच प्याला' शिकविताना त्याच्या जोडीला मद्यपाननिषेधाची त्या काळातील इतर नाटके लावण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी १९७५ चे ते एक गीत वर्गात ऐकवून पाहावे. डॉल्ट्रीने ते का गायले नाही, येथून चर्चा सुरू करता येईल.